पाठीतली नळी आणि तिच्यातून जाणारं औषध: बुपी, रोपी आणि माझी दोन बाळंतपणं

"मॅडम, मला रोपीच द्या हं. माझ्या बहिणीला पुण्यात रोपी दिलं होतं, तिचे पाय अजिबात जड झाले नाहीत."

आठवा महिना लागलेली एक मुलगी ओपीडीच्या बाकावरून उठून जिन्यापर्यंत माझ्यामागे आली होती. मागे सासूबाई, त्यांच्या हातात सोनोग्राफीची फाइल. मी कोल्हापुरात भूलतज्ज्ञ आहे. कुठल्या एका हॉस्पिटलची नाही. पाच-सहा ठिकाणांहून फोन येतो, बॅग उचलायची आणि निघायचं. इतक्या वर्षांत पेशंटनं औषधाचं नाव घेऊन मागणी केली, ही पहिलीच वेळ. एरवी प्रश्न असतो तो सुईचा: "पाठीत टोचल्यावर कंबर जाते का?" हिला सुईचं काही वाटत नव्हतं. तिला सुईतून काय जाणार, ते हवं होतं. रोपी म्हणजे रोपिवाकेन, आणि बुपी म्हणजे बुपिवाकेन: बाळंतकळांचं दुखणं थांबवायला पाठीतून देतात ती दोन औषधं.

तिला जिन्यात उभ्या उभ्या जे सांगितलं ते अपुरं होतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ही औषधं मी रोज भरते, आणि त्यातली दोन माझ्या स्वतःच्या पाठीत घेतली आहेत. त्यामुळे हा अभिप्राय देणारीचा आणि घेणारीचाही आहे.

आधी घेणारीचा.

माझी मुलगी २०१२ साली झाली. मी तेव्हा शिकत होते, निवासी डॉक्टर होते, बाळंतपणाला माहेरी आले होते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. पहाटे कळा वाढल्या, पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं होतं, आणि मी स्वतःच एपिड्युरल मागितलं. पाठीच्या कण्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेर एक अरुंद जागा असते. तिथे सुईतून बारीक नळी सरकवतात, सुई काढून घेतात आणि नळी पाठीला चिकटवून ठेवतात. मग लागेल तसं औषध त्या नळीतून. मला दिलं ते बुपिवाकेन, ०.२५ टक्के, एका वेळी १० मिली, सिरिंजनं हातानं.

पंधरा मिनिटांत दुखणं गेलं. अगदी गेलं. कळ येत होती हे मला फक्त मशीनमधून सरकणाऱ्या कागदावर दिसत होतं. त्या क्षणी मी त्या औषधाला पैकीच्या पैकी गुण दिले असते. दीड-दोन तासांनी दुखणं परतलं, दुसरा डोस आला. पुन्हा तसंच, तिसरा डोस. तिसऱ्यानंतर माझे पाय माझे राहिले नाहीत. उजवा पाय पलंगाच्या कडेवरून खाली घसरला होता आणि मला पत्ता नव्हता. मावशींनी उचलून परत ठेवला. मधल्या सहा तासांत "पाय उचलून दाखव" असं मला कुणी एकदाही म्हटलं नाही.

तोंड पूर्ण उघडल्यावर सिस्टर सांगत होत्या, "कळ आली, जोर लावा." कळ कुठे आहे आणि जोर कुठे लावायचा, मला काहीच उमगेना. दोन-अडीच तास असे गेले आणि शेवटी व्हॅक्यूम लावून बाळ काढावं लागलं. लेकीच्या डोक्यावरची सूज दोन दिवसांत उतरली, ती छान आहे, आता माझ्या खांद्याला लागते. पण जोर लावताना माझाच सहभाग नसल्याची जी भावना होती, ती पुष्कळ दिवस गेली नाही. आणि मी राग धरला तो बुपिवाकेनवर.

माझा हा राग चुकीच्या आरोपीवर होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

बुपिवाकेन हे जुनं, भरवशाचं औषध आहे. १९५७ साली स्वीडनमध्ये तयार झालं. सुन्न करण्याचा परिणाम लांब टिकतो आणि दुखण्याच्या नसा आधी, स्नायूंच्या नसा नंतर, अशा क्रमानं काम करतं. बाळंतपणात आपल्याला नेमकं हेच हवं असतं: दुखू नये, पण पाय हलावेत. मात्र हा क्रम औषध पातळ असेल तोवरच पाळला जातो. दाट दिलं की दोन्ही नसा एकदम झोपतात. मला दिलेलं ०.२५ टक्के हे बाळंतकळांसाठी दाट आहे. एका डोसात २५ मिलिग्रॅम. आज मी ०.०६२५ टक्क्यांचं मिश्रण पंपावर ताशी १० मिलीनं लावते, तेव्हा तेवढेच २५ मिलिग्रॅम जायला चार तास लागतात. औषध तेच. माझ्या पायांचं जे झालं ते या हिशोबात आहे.

इंग्लंडमध्ये यावर एक मोठा अभ्यास झाला, कॉमेट नावाचा, २००१ साली प्रसिद्ध झालेला. पहिलटकरणी, १,०५४ जणी. काहींना माझ्यासारखं ०.२५ टक्के बुपिवाकेन, काहींना पातळ बुपिवाकेन आणि सोबत फेंटॅनिल हे वेदनाशामक. दाट औषधवाल्यांत विनाचिमटा, विनाव्हॅक्यूम प्रसूती झाल्या शंभरात ३५, पातळवाल्यांत ४३. माझं बाळंतपण त्यानंतर अकरा वर्षांनी झालं. मी हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं, उत्तरपत्रिकेत लिहिलंही होतं, आणि स्वतःच्या पाठीत नळी असताना "किती टक्के भरलंय?" हा एक प्रश्न मला विचारायचं सुचलं नाही. कळा देणाऱ्या बाईकडून त्या वेळी हिशोबाची अपेक्षा करूच नये. तो नळी लावणाऱ्यानं करायचा असतो.

आता रोपिवाकेन.

रसायनशास्त्रात ही दोघं सख्खी भावंडं. एका टोकाला बुपीला ब्युटिल आहे, रोपीला प्रोपिल, म्हणजे एक कार्बन कमी. त्यामुळे रोपी चरबीत थोडं कमी विरघळतं, आणि स्नायूंच्या जाड, चरबीच्या आवरणातल्या नसांमध्ये शिरायला त्याला वेळ लागतो. दुसरा फरक डाव्या-उजव्याचा. बुपिवाकेनच्या बाटलीत एकाच रेणूची दोन रूपं निम्मी-निम्मी असतात, डावा आणि उजवा हात असतात तशी; एकमेकांची आरशातली प्रतिमा. त्यातलं उजवं रूप हृदयाला जास्त त्रासदायक. रोपीमध्ये फक्त डावं रूप आहे.

हृदयाची गोष्ट आली म्हणून थोडं मागे जाते. बुपिवाकेन चुकून रक्तवाहिनीत मोठ्या प्रमाणात गेलं तर हृदयाच्या पेशींना चिकटून बसतं आणि लवकर सुटत नाही. १९७९ साली अमेरिकेतल्या अल्ब्राइट या भूलतज्ज्ञानं यावर लिहिलं: तरण्याताठ्या माणसांची हृदयं अशा इंजेक्शनानंतर बंद पडली आणि परत सुरू करणं फार अवघड गेलं. पुढे तिथे ०.७५ टक्के बुपिवाकेन बाळंतिणींना देऊ नये असं ठरलं, आणि सुरक्षित भावंडाचा शोध सुरू झाला. त्यातून रोपिवाकेन आलं. अमेरिकेत १९९६ साली त्याला मान्यता मिळाली. म्हणजे त्याचा जन्म मुळात दाट आणि भरपूर औषधाच्या भीतीतून आहे.

माझा मुलगा २०१८ चा. या वेळी माझ्याच सिनियर मॅडम आल्या होत्या. ०.१ टक्के रोपिवाकेन, दर मिलीला २ मायक्रोग्रॅम फेंटॅनिल, पंपावर. वीस मिनिटांनी कळा बोथट झाल्या. नाहीशा नाही, बोथट. पोट कडक होतंय हे कळत होतं, कोणीतरी आतून मूठ वळावी तसं, पण दुखत नव्हतं. नाकाला खाज सुटली होती, ती फेंटॅनिलची. दर तासाला मॅडम यायच्या, स्पिरिटचा गार बोळा मांडीपासून वर पोटापर्यंत फिरवायच्या, "गार लागतंय? इथे? आणि इथे?" आणि मग, "पाय सरळ उचल बघू." मी उचलायचे. प्रत्येक वेळी पाय उचलला गेला की मला इतका आनंद व्हायचा की मी दोन-दोनदा उचलून दाखवायचे. शेवटी खाली जो दाब येतो, तो मला स्वच्छ कळला. पंचवीस मिनिटं जोर लावला आणि मुलगा झाला. रडलं ते सगळ्यात आधी मीच.

त्यानंतर वर्षभर मी रोपीची प्रचारक झाले होते. जो भेटेल त्याला सांगत होते.

मग डोकं थंड झाल्यावर मांडलं. दुसरं बाळंतपण तसंही लवकर आणि सोपं होतं, वाट मोकळी झालेली असते. औषध पातळ होतं. पंप होता, हातानं एकदम मारलेले डोस नव्हते. आणि दर तासाला पाय उचलायला लावणारी एक बाई होती. चार गोष्टी बदलल्या होत्या आणि मी सगळं श्रेय पाचवीला, बाटलीवरच्या नावाला देत होते.

टक्क्यांची एक गफलत इथे समजून घेण्यासारखी आहे, कारण ती आमच्यातलेही पुष्कळजण करतात. रोपीची ताकद बुपीपेक्षा कमी आहे, साधारण ६० टक्के. म्हणजे रोपी ०.१ टक्के हे बुपी ०.१ टक्क्याच्या बरोबरीचं नाही. ते बुपी ०.०६२५ टक्क्याच्या आसपास बसतं. आता कुणी दोन्ही ०.१ नं दिली आणि म्हणाला, "बघा, रोपीत पाय हलके राहिले", तर त्यानं खरं म्हणजे एकीला कमी आणि एकीला जास्त दिलं. जोड बरोबरीची लावली की फरक बराच आटतो. अशा तुलना खूप झाल्या आहेत: आपोआप प्रसूती किती, चिमटा-व्हॅक्यूम किती, सिझर किती, यात दोन औषधांमध्ये ठोस फरक निघालेला नाही. पायांचं जडपण मात्र रोपीत थोडं कमी आढळतं, विशेषतः प्रसूती लांबली की. माझा अनुभवही अगदी असाच. चार-पाच तासांत मोकळी होणारी बाई असेल तर डोळे मिटून सांगता येणार नाही की नळीत कोण आहे. पहिलटकरीण, दहा-बारा तास पंप चालू, तर रोपीवाल्या पायांत शेवटी जरा जास्त जीव असतो.

हृदयाच्या सुरक्षिततेचंही तसंच. ती खरी आहे, पण पातळ मिश्रणात ताशी सहा मिलिग्रॅम जात असताना तिचं वजन फार नाही. ती उपयोगी पडते दाट आणि भरपूर औषध द्यावं लागतं तेव्हा. तरीही मी प्रत्येक लेबर रूममध्ये गेल्यावर आधी विचारते, २० टक्के लिपिडची बाटली कुठे आहे? सलाइनमधून पोषण म्हणून देतात तेच दुधासारखं औषध. रक्तात चुकून गेलेलं बुपी किंवा रोपी ते स्वतःकडे ओढून घेतं. आजवर मला ती फोडावी लागलेली नाही. ती नसेल तिथे मी नळी लावत नाही, आणि यावरून माझे दोन ठिकाणी वाद झाले आहेत.

लिव्होबुपिवाकेनबद्दल थोडक्यात. बुपिवाकेनमधलं फक्त डावं रूप बाटलीत भरलं की ते हे. दाट मोठ्या डोसाला हृदयासाठी बरं, कळांच्या पातळ मिश्रणात मला त्यात आणि साध्या बुपीत काही वेगळं जाणवलं नाही. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर मी रोपीला देईन.

लिग्नोकेन, आमच्या भाषेत झायलो, हा वेगळ्याच स्वभावाचा. १९४८ पासून बाजारात, दातवाल्यापासून सगळ्यांच्या हातात. झपकन चढतं, झपकन उतरतं, आणि पुन्हा पुन्हा दिलं की प्रत्येक वेळी थोडं कमी लागू पडतं. पायही धरतं. म्हणून तासन्‌तास चालणाऱ्या कळांना हे औषध नाही. ज्या ठिकाणी अजून त्यावरच भागवतात तिथे बायकांचे हाल होतात, हे मी पाहिलं आहे. पण माझ्या बॅगेत ते दोन कामांसाठी कायम असतं. एक, चाचणीचा डोस. नळी बसल्यावर अ‍ॅड्रिनलिन घातलेलं ३ मिली झायलो द्यायचं आणि मॉनिटरकडे बघायचं. नाडी एकदम उसळली तर नळी रक्तवाहिनीत, पाय लगेच जड झाले तर ती आवरणाच्या आत गेलेली. दोन्ही नाही झालं तर पुढे जायचं.

दुसरं काम रात्रीचं. गेल्या पावसाळ्यात गडहिंग्लजकडची एक मुलगी होती, पंप लावून मस्त झोपली होती. पहाटे साडेतीनला बाळाचे ठोके ७० वर आले आणि वर येईनात. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी सिझर सांगितलं. अशा वेळी पाठीत आधीच नळी आहे हे वरदान असतं, पण नळीत चालू असलेलं पातळ औषध सिझरला पुरत नाही, आणि दाट बुपी किंवा रोपी चढायला वीस मिनिटं घेईल. २ टक्के झायलो, अ‍ॅड्रिनलिन घातलेलं, त्यात दर १० मिलीला १ मिली सोडाबायकार्ब. सोड्यानं ते आणखी वेगानं चढतं. (हाच सोडा बुपीत घातला तर सिरिंजमध्ये गढूळ पांढरं होऊन बसतं, शिकाऊ दिवसांत मी ते करून पाहिलंय.) ट्रॉली थिएटरात शिरेपर्यंत निम्मं औषध गेलं होतं, सात-आठ मिनिटांत चिमट्यानं पोट दाबून पाहिलं तर तिला कळलं नाही. पूर्ण भूल द्यावी लागली नाही. बाळाचं रडणं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या रात्री मला कुणी विचारलं असतं की सगळ्यात आवडतं औषध कुठलं, तर मी झायलोच म्हटलं असतं.

परदेशात याच कामाला क्लोरोप्रोकेन वापरतात, ते याहूनही झटपट चढतं. माझ्या बॅगेत ते कधी नव्हतं, म्हणून त्यावर मत देत नाही.

आता ज्याचं नाव कुठल्याच पेशंटच्या तोंडी नसतं ते: फेंटॅनिल. सुन्न करणारं हे औषध नाही, अफूच्या कुळातलं वेदनाशामक आहे. पण बुपी असो की रोपी, मिश्रण इतकं पातळ ठेवता येतं ते याच्या जिवावर. ५० मिलीच्या सिरिंजचा माझा हिशोब असा: रोपी असेल तर ०.२ टक्क्याचं २५ मिली, फेंटॅनिलचा एक अ‍ॅम्प्यूल २ मिली, बाकी २३ मिली सलाइन. बुपी असेल तर ०.५ टक्क्याचं सव्वासहा मिली, तेच फेंटॅनिल, उरलेलं सलाइन. फेंटॅनिल नसेल तर दोन्ही औषधं दाट करावी लागतात, आणि दाट केलं की आपण माझ्या २०१२ कडे परत निघालो. हे औषध अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, रुग्णालयाला मान्यता लागते, नोंदवही लागते, एकेका अ‍ॅम्प्यूलचा हिशोब लागतो. छोटी हॉस्पिटलं या कटकटीत पडत नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं. "आमच्याकडे पेनलेस डिलिव्हरी होते" अशी पाटी लावायची आणि फेंटॅनिल ठेवायचं नाही, हे त्या बाईला फसवणं आहे.

भरताना एक काळजी. बुपीच्या दोन बाटल्या असतात. एक साधी, दुसरी साखर घातलेली जड, तिला थिएटरात सगळे 'हेवी' म्हणतात. ती सिझरच्या स्पायनलसाठी (पाठीत एकदाच टोचून देतात ती भूल), छोट्या ४ मिलीच्या अ‍ॅम्प्यूलमध्ये. एपिड्युरलला साधी. मी भरताना लेबल मोठ्यानं वाचते आणि सिस्टरकडून परत वाचून घेते, आणि सिरिंजवर टक्क्यांसकट चिकटपट्टी लावते.

किमतीचं सांगायचं तर रोपी बुपीपेक्षा महाग आहे, पण बिलात डोळ्यांवर येतो तो औषधाचा आकडा नसतोच. सुई-नळीचं किट, पंप, आणि भूलतज्ज्ञाचा रात्रभराचा वेळ, खर्च तो. म्हणून "रोपी घेतलं तर किती वाढतील?" यापेक्षा "पंप आहे का, आणि रात्री तीनला औषध कमी पडलं तर कोण येणार?" हे विचारणं जास्त उपयोगाचं. नळी लावून भूलतज्ज्ञ घरी गेला असेल तर जगातलं उत्तम औषधही एका बाजूला लागून राहतं, डावीकडे सुन्न आणि उजवीकडे जीवघेणी कळ, आणि सिस्टर बिचारी काहीच करू शकत नाही.

सासूबायांच्या प्रश्नांचंही उत्तर देते, कारण ते खरे प्रश्न आहेत आणि त्यांना कुणी नीट उत्तर देत नाही. कंबर जाते का? सुईच्या जागी थोडे दिवस ठणकतं. पण जुनाट कंबरदुखी नळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांमध्ये सारखीच आढळते. कॉक्रेन या, जगभरच्या अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या मोठ्या आढाव्यात हेच आहे. सिझर वाढतं का? त्याच आढाव्यानुसार, नाही. आणि चिमटा-व्हॅक्यूमचं जे वाढलेलं प्रमाण जुन्या अभ्यासांत दिसायचं, ते २००५ नंतरच्या अभ्यासांत दिसत नाही. औषधं पातळ झाली त्याचा हा परिणाम असावा, असं मला मनापासून वाटतं. साधारण शंभरात एकीला नंतर जबर डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त. आवरणाला भोक पडल्यामुळे. त्यावर उपचार आहे, पण ते आधी सांगायला हवं. बीपी उतरू शकतं, थंडी वाजते, लघवीला नळी लागू शकते. हे कुठलंही औषध घेतलं तरी आहे. आणि रक्त पातळ होण्याची इंजेक्शनं चालू असतील किंवा प्लेटलेट फार कमी असतील तर थेट नाही म्हणावं लागतं, म्हणून मी आठव्या-नवव्या महिन्यात एकदा भेटून जा म्हणते.

तर ती जिन्यातली मुलगी. ती आली रविवारी रात्री दीडला, साडेचार सेंटिमीटरवर, नवऱ्याचा हात चुरगाळत. माझ्या बॅगेतली रोपीची शेवटची बाटली संध्याकाळी दुसऱ्या हॉस्पिटलात संपली होती आणि तिथल्या औषधाच्या दुकानात ०.७५ टक्क्याचीसुद्धा नव्हती. मी तिच्या उशाशी बसून खरं ते सांगितलं: "रोपी नाहीये गं. बुपी आहे. बहिणीला दिलं तितकंच पातळ करते, पाय मी स्वतः दर तासाला बघते. चालेल का?" ती रडली. कळ ओसरल्यावर म्हणाली, "जडशीळ नका करू, एवढंच."

०.०६२५ टक्के बुपी, दर मिलीला २ मायक्रोग्रॅम फेंटॅनिल, ताशी १० मिली. वीस मिनिटांत चेहरा सैल झाला. तीन वाजता उजव्या जांघेत दुखायला लागलं. नळी एक सेंटिमीटर मागे ओढली, उजव्या कुशीवर वळवलं, ५ मिली वरून दिलं, बसलं. मग ती झोपली. सासूबाई पलीकडच्या खुर्चीत जाग्याच होत्या. मी पाय उचलायला लावायला गेले की त्याच आधी म्हणायच्या, "उचल गं पोरी, मॅडम आल्या."

नऊला पाच कमी असताना मुलगी झाली. चाळीस मिनिटं जोर लावला, सगळा स्वतःचा. तिसऱ्या दिवशी घरी जाताना तिनं फाइल पुढे केली, म्हणाली, "यात औषधाचं नाव आणि ते किती टक्के होतं ते लिहून द्या, ताईला दाखवायचंय." डिस्चार्ज कार्डावर त्यासाठी रकाना नसतो. मी समासात लिहिलं: बुपिवाकेन ०.०६२५ टक्के, फेंटॅनिल २ मायक्रोग्रॅम प्रति मिली, पंप, ताशी १० मिली, साडेसहा तास. दोन्ही पाय शेवटपर्यंत सरळ उचलता येत होते.